आबे फारिया: कोलवाळच्या शेणव्यांचा पाद्री

पणजीत जुन्या सचिवालयाला लागून जो पुतळा आहे, तो फोंड्याहून कामासाठी पणजीला गेलेल्या प्रत्येकानं पाहिलेला असतो. लांब झग्यातला एक पाद्री, पुढे झुकलेला, हात पसरलेले, आणि त्या हातांखाली मागे कोसळणारी एक बाई. लहानपणी मला वाटायचं, हा भूत काढतोय. गोव्याचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेला हा पुतळा जुझे कुस्तोदियु द फारियाचा, म्हणजे आबे फारियाचा आहे. संमोहनाचा शास्त्रीय पाया घालणाऱ्यांपैकी एक म्हणून जग त्याला ओळखतं. मला तो वेगळ्याच कारणासाठी सोडत नाही. १८१९ साली पॅरिसमध्ये त्याचं फ्रेंच पुस्तक छापलं गेलं. त्याच्या पहिल्या पानावर नावाखाली पदव्या आहेत, आणि पदव्यांच्याही आधी लिहिलंय की लेखक ब्राह्मण आहे. कॅथलिक पाद्री, धर्मशास्त्राचा डॉक्टर, आणि ब्राह्मण!

हे कुठून आलं ते पाहायला बार्देशात कोलवाळला जावं लागतं. शापोरा नदीच्या अलीकडे कोलवाळ, पलीकडे पेडणे. फारियाचे चरित्रकार त्याच्या वडिलांचं घराणं अनंत शेणवी नावाच्या पूर्वजापर्यंत नेतात. हे अनंत शेणवी गावचे कुलकर्णी होते आणि सोळाव्या शतकात ख्रिस्ती झाले. शेणवी जाऊन फारिया आलं ते तेव्हा. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं, नाहीतर धर्मपित्याचं आडनाव घ्यायची तेव्हाची रीतच होती. म्हणून गोव्यात नुसत्या आडनावावरून कुणाचं मूळ शोधता येत नाही. आज आपल्याकडे वंशावळ शोधतात ती बहुतेक पोर्तुगीज पासपोर्टसाठी, आणि आजोबांचा जन्मदाखला हाती लागला की शोध संपतो. त्याच्याही मागं जायचं असेल तर गावकारीच्या वह्या आहेत. नाव बदललं, देव बदलला, तरी घराण्याचा वांगड तोच राहिला, आणि वांगड राहिला म्हणून गावच्या उत्पन्नातला वाटाही राहिला. जातही तशीच राहिली, हे आम्ही ख्रिस्ती लोक जरा हळू आवाजात सांगतो.

फारियाचा जन्म मे १७५६ मधला, कांदोळीचा, आईच्या माहेरचा. आई रोझा मारिया द सोझा, वडील कायतान व्हितोरीनु. त्याच वर्षी जूनमध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ अल्वा आपल्या फोंड्याच्या मर्दनगडावर चाल करून आला आणि मराठ्यांकडून मारला गेला. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. मूल रांगायला लागायच्या आधीची ही गोष्ट!

वडील लग्नापूर्वी सेमिनरीत होते, ते सोडून संसारात पडले होते. संसार टिकला नाही. मुलगा लहान असतानाच दोघं चर्चच्या परवानगीनं वेगळी झाली. वडील पाद्री झाले, आई जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात गेली आणि पुढं तिथली प्रमुख झाली. मुलगा वडिलांकडे राहिला. १७७१ च्या फेब्रुवारीत बापलेक बोटीत चढले आणि नोव्हेंबरात लिस्बनला उतरले. नऊ महिने समुद्रावर! तिथून रोम. मुलगा १७८० मध्ये पाद्री झाला, डॉक्टरेटही मिळवली. लिस्बनला परतल्यावरची एक गोष्ट गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. राणीपुढं प्रवचन द्यायला उभा राहिला आणि त्याची बोबडी वळली. तेव्हा खाली बसलेल्या वडिलांनी कोंकणीत कुजबुजून सांगितलं की समोर बसलीय ती सगळी भाजी आहे, कापत सुट. पोर्तुगीज दरबारातलं कुणी ते समजणार नव्हतं. प्रवचन मग धो धो चाललं म्हणतात.

१७८७ साली कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या वाड्यात पोर्तुगीजांविरुद्धचा कट उघडकीस आला. स्थानिक पाद्रींना कितीही शिकले तरी वरच्या जागा मिळत नसत, हे त्यामागचं एक मोठं दुखणं. कटवाल्यांपैकी पंधराजणांना फाशी झाली. लिस्बनमध्ये फारिया बापलेकांवरही संशय आला आणि मुलगा १७८८ मध्ये पॅरिसला गेला.

पॅरिसला पोचला तो क्रांतीच्या तोंडावरच. १७९५ च्या उठावात हा पाद्री एका तुकडीच्या पुढं होता. नंतर मार्सेय आणि नीम इथं तत्त्वज्ञान शिकवलं. १८१३ पासून पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर त्याचे प्रयोग सुरू झाले. प्रवेश पाच फ्रँक. तेव्हा मेस्मरची माणसं सांगत की वैद्याच्या अंगातून एक अदृश्य द्रव निघतो आणि रोग्याला गुंगी आणतो. फारिया खुर्चीवर बसलेल्या माणसाला नुसती झोपायची आज्ञा द्यायचा. त्याचं म्हणणं, द्रव वगैरे काही नाही, माझ्या हातातही काही नाही. जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं. स्कॉटलंडच्या जेम्स ब्रेडनं या विद्येला आज चालतं ते नाव दिलं, ते यानंतर पाव शतकानं.

आता तो ब्राह्मण शब्द. जाहिरात होती, असं सरळ म्हणता येईल; पॅरिसला पूर्वेकडचं गूढ हवंच होतं. पण गंमत बघा, ज्या पुस्तकात गूढ असं काही नसतं हे सांगायचं, त्याच्यावरच तो शब्द! मला त्यात दुसरंही दिसतं. काळा म्हणून ज्याला गोव्यात बढती नाही, त्यानं आम्ही तुमच्याहून जुने आहोत हे सांगायची ही तऱ्हा असावी. ते समजतं. तरीही तो शब्द मला खुपतो, कारण वरच्यांनी केलेल्या अपमानाला त्यानं जे उत्तर शोधलं ते गावात दुसऱ्या कुणाला तरी खाली ठेवूनच तयार झालेलं होतं. आणि गावकारीचा हक्क बापाकडून मुलाकडे जातो. जन्म कांदोळीचा, आईच्या घरातला, तरी वंश मोजायचा तो कोलवाळचा.

१८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टर उडवणारं नाटक आलं आणि गर्दी ओसरली. २० सप्टेंबर १८१९ रोजी तो वारला, पुस्तक निघालं त्याच वर्षी. मोंमार्त्रला पुरलं, थडग्यावर खूण नाही. पंचवीस वर्षांनी अलेक्झांडर ड्युमानं मोंटे क्रिस्टोच्या कादंबरीत त्याचं नाव एका कैदी पाद्रीला दिलं आणि त्याला इटालियन करून टाकलं. १९०६ साली डॉ. दाल्गादो या गोंयकारानं त्याचं चरित्र लिहिलं, तेही फ्रेंचमध्ये.

रोझा मारियाचा मठ जुन्या गोव्यात अजून उभा आहे. तिथं आता ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे.