रणांगणाची बातमी आणि घरातले मौन

क्रॉफर्ड मार्केटचे नाव बदलून महात्मा जोतिबा फुले मंडई झाले, तरी मुंबईकरांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. या मंडईच्या दारांवरील शिल्पपट्टांकडे खरेदीच्या घाईत फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ते साकारले जॉन लॉकवुड किपलिंग यांनी. जवळच्याच सर ज. जी. कला महाविद्यालयात ते शिल्पकला शिकवत. त्यांचा मुलगा रुडयार्ड याचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला आणि महाविद्यालयाच्या आवारातील बंगला आजही त्याचे जन्मस्थळ म्हणून दाखवला जातो. मूळ घर मात्र केव्हाच पाडले गेले.

‘जंगल बुक’ आणि ‘किम’ यांचे लेखक, १९०७ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी आणि ब्रिटिश साम्राज्याचे कट्टर पुरस्कर्ते, ही रुडयार्ड किपलिंग यांची सर्वपरिचित ओळख. त्यांनी युद्धाच्या बातम्याही लिहिल्या आणि त्याची जबर किंमत मोजली, ही बाजू तुलनेने अपरिचित राहिली आहे.

मुंबईतले त्यांचे बालपण अवघ्या पाच वर्षांचे. आयाचे बोट धरून माहीमच्या नारळी-पोफळींच्या सावलीत फिरणे आणि मीता नावाच्या नोकराबरोबर देवळांत जाणे, या आठवणी त्यांनी अखेरपर्यंत जपल्या. इंग्रजीच्या आधी हिंदुस्थानी त्यांच्या ओठी रुळली. १८७१ मध्ये धाकट्या बहिणीसह त्यांना इंग्लंडला परक्यांच्या घरी ठेवण्यात आले. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये सोळा वर्षांचे किपलिंग पुन्हा मुंबई बंदरात उतरले ते लाहोरच्या ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’मध्ये नोकरी करण्यासाठी. तेथील छावणीत सामान्य शिपायांशी त्यांची ओळख झाली. शिपायाची बोली, त्याचे आजार आणि त्याची भीती त्यांच्या लेखनात उतरली. प्रत्यक्ष लढाई मात्र अजून त्यांनी पाहिली नव्हती.

तरीही १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लाइट दॅट फेल्ड’ या कादंबरीचा नायक त्यांनी निवडला तो सुदानच्या युद्धात वृत्तपत्रांसाठी चित्रे काढणारा चित्रकार. रणांगणावर झालेल्या जखमेमुळे पुढे त्याची दृष्टी जाते आणि अखेर तो युद्धभूमीवर परत जाऊन मरण पत्करतो. युद्ध पाहणारा माणूस युद्धातून पुरता परत येत नाही, हे पंचविशीतल्या लेखकाने केवळ कल्पनेने जाणले होते.

अनुभव आला तो दक्षिण आफ्रिकेत. १८९९ मध्ये बोअर युद्ध पेटले. त्याच वर्षी किपलिंग यांची सहा वर्षांची मुलगी जोसेफिन न्यूमोनियाने दगावली होती आणि ते स्वतःही मरणाच्या दारातून परतले होते. या युद्धात वार्ताहरांनाही मोठी झळ बसली. ‘मॉर्निंग पोस्ट’चे विन्स्टन चर्चिल बोअरांच्या कैदेत पडले, तर ‘डेली मेल’चे जॉर्ज स्टीव्हन्स जानेवारी १९०० मध्ये वेढ्यात सापडलेल्या लेडीस्मिथमध्ये विषमज्वराने गेले. मार्चमध्ये सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या निमंत्रणावरून किपलिंग ब्लोएमफोंटेनला पोचले. तेथे सैनिकांसाठी निघणाऱ्या ‘द फ्रेंड’ या दैनिकाच्या संपादनात त्यांनी काही दिवस हातभार लावला. २९ मार्च रोजी करी सायडिंगच्या लढाईत ते प्रथमच गोळीबाराच्या टापूत आले. रुग्णशिबिरांत तापाने फणफणलेले शिपाई त्यांनी पाहिले. या युद्धात गोळ्यांपेक्षा रोगराईनेच अधिक ब्रिटिश सैनिकांचा बळी घेतला. किपलिंग यांनी लष्करातील ढिसाळपणावर कोरडे ओढले, पण युद्धाच्या न्याय्यतेविषयी त्यांना शंका आली नाही. साम्राज्याने पुढील युद्धासाठी अधिक सज्ज असावे, एवढाच निष्कर्ष त्यांनी काढला.

ते पुढील युद्ध १९१४ मध्ये आले. सैन्यभरतीसाठी किपलिंग यांनी लेखणी आणि वाणी दोन्ही झिजवल्या. त्यांचा एकुलता मुलगा जॉन तेव्हा सतरा वर्षांचा झाला होता. त्याची दृष्टी इतकी अधू होती की नौदल आणि भूदल दोन्हींनी त्याला नाकारले. अखेर वडिलांनी लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकला आणि जॉनला आयरिश गार्ड्स पलटणीत अधिकारपद मिळाले.

ऑगस्ट १९१५ मध्ये बापलेक दोघेही फ्रान्समध्ये होते. जॉन पलटणीबरोबर, तर किपलिंग ‘डेली टेलिग्राफ’चे वार्ताहर म्हणून. लष्कराने दाखवावे ते पाहायचे आणि सेन्सॉरने सोडावे ते लिहायचे, अशी त्या काळची रीत होती. तोफांनी उद्ध्वस्त केलेले रीम्सचे कॅथेड्रल आणि डोंगरांतील खंदक पाहून त्यांनी लिहिलेली लेखमाला सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. फ्रेंच राष्ट्राच्या निर्धाराचे आणि पुत्रवियोग निमूट सोसणाऱ्या कुटुंबांचे गुणगान तिच्यात होते.

लेखमालेची शाई वाळते न वाळते तोच, २७ सप्टेंबर रोजी, लूसच्या लढाईत जॉन दिसेनासा झाला. अठरावा वाढदिवस उलटून जेमतेम सहा आठवडे झाले होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला घरी तार आली. तो जखमी आणि बेपत्ता असल्याचे तीत म्हटले होते. किपलिंग पतिपत्नींनी रुग्णालये पालथी घातली आणि पलटणीतील शिपायांना गाठून बारीकसारीक चौकशी केली. मृतदेह मिळाला नाही.

लेखन मात्र थांबले नाही. नोव्हेंबरमध्येच नौदलावरील त्यांची लेखमाला छापून येऊ लागली. १९१६ मध्ये जटलंडच्या नाविक लढाईवर आणि १९१७ मध्ये इटलीच्या डोंगरी आघाडीवर त्यांनी लिहिले. शत्रूविषयीची त्यांची भाषा अधिकच कडवट होत गेली. याच सुमारास त्यांना पोटाच्या दुखण्याने गाठले. ते आतड्यातील व्रणाचे असल्याचे निदान व्हायला १९३३ साल उजाडले.

शोकाला वाट मिळाली ती वेगळ्याच कामात. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धस्मशान आयोगाचे ते सदस्य झाले. स्मारकशिळेवरील बायबलमधील वचन त्यांनी निवडले. ज्या सैनिकांची ओळख पटली नाही, त्यांना देव ओळखतो, या आशयाचे थडग्यांवरील शब्दही त्यांचेच. आयरिश गार्ड्सचा दोन खंडांतील इतिहास लिहिण्यासाठी त्यांनी पाच वर्षांहून अधिक काळ रोजनिश्या आणि साक्षी चाळल्या. १९२३ मध्ये निघालेल्या त्या ग्रंथात जॉनचा उल्लेख इतर अधिकाऱ्यांसारखाच, चार शब्दांत उरकला आहे. हजारो घरांतील मुलांविषयी लिहिणाऱ्या या लेखकाला स्वतःच्या मुलाविषयी उघडपणे बोलता आले नाही.

या दुःखाने त्यांची साम्राज्यनिष्ठा मात्र सैल झाली नाही. भारतीय सैनिकांची सेन्सॉरने अडवलेली पत्रे वाचून त्यांनी ‘द आइज ऑफ एशिया’ हे पुस्तक लिहिले, तर जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर जनरल डायरसाठी उभारलेल्या निधीला १९२० मध्ये दहा पौंडही दिले. पुढे १९२७ मध्ये फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे, जेथे थडगे नसलेल्या सुमारे ४,७०० भारतीयांची नावे कोरलेली आहेत, त्या स्मारकाच्या अनावरणाला ते हजर राहिले. पुत्राचे थडगे न सापडलेला बाप आणि साम्राज्याचा वकील, असे दोघेही तेथे एकाच देहात उभे होते. त्यांच्या कोणत्याही चरित्रात या दोघांना वेगळे करता येत नाही.

१८ जानेवारी १९३६ रोजी किपलिंग यांचे लंडनमध्ये निधन झाले, तेव्हाही जॉनचा ठाव लागलेला नव्हता. १९९२ मध्ये आयोगाने लूसजवळच्या दफनभूमीतील एका अनामिक आयरिश गार्ड्स अधिकाऱ्याचे थडगे जॉनचे असल्याचे जाहीर करून त्यावर त्याचे नाव कोरले. या निष्कर्षाबाबत अभ्यासकांत दीर्घकाळ वाद झाला. तो खरा मानला, तर अनामिकांसाठी पित्याने सुचवलेले शब्द अनेक दशके त्याच्याच मुलाच्या डोक्याशी होते.