चाळीस रुपये पगार, पस्तीस रुपये भाडं : मंटोंची मुंबई

मुंबईत नोकरी लागली असं कळलं की घरात आधी मिठाई येते आणि मागोमाग प्रश्न येतो, राहणार कुठे? बीड, परभणी, मालेगावच्या मोहल्ल्यांमधून आजही पोरं निघतात. पगाराचा आकडा गावाकडच्या हिशेबानं मोठा वाटतो, आणि दोन महिन्यांत तो भाडं, लोकलचा पास आणि खानावळ यांत कुठे जातो ते कळत नाही. मुंबई मुळात सात बेटांची. बेटं जोडली, समुद्रात भराव टाकला, तरी माणसं येतच राहिली आणि जागा काही पुरली नाही. हा हिशेब नवा नाही. १९३६ साली अमृतसरहून आलेल्या चोवीस वर्षांच्या एका कश्मिरी पोरानेही तो मांडला होता. त्याचं नाव सआदत हसन मंटो.

मंटोंवर लिहिणारे बहुतेक जण थेट फाळणी, खटले आणि दारू यांच्याकडे धावतात. ते सगळं खरंच आहे. पण आम्हाला इथे त्यांच्या घरभाड्याबद्दल बोलायचंय.

मंटोंचा जन्म ११ मे १९१२ चा, लुधियाना जिल्ह्यातल्या समरालाचा. वडील न्यायखात्यात, स्वभावाने कडक. पोराचं अभ्यासात लक्ष नाही, मॅट्रिकला अडखळला आणि तेही उर्दूत! अलीगढला गेला तर तब्येतीने साथ दिली नाही, डॉक्टरांनी क्षयाची शंका काढली. अमृतसरमध्ये पत्रकार बारी अलीग यांनी त्याच्या हाती परदेशी कादंबऱ्या दिल्या, त्याच्याकडून ह्यूगोचा तर्जुमा करून घेतला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पण तर्जुम्यावर घर चालत नाही. वडील वारले होते, विधवा आई होती. अशा वेळी मुंबईहून नझीर लुधियानवी यांचं बोलावणं आलं. त्यांच्या 'मुसव्विर' या उर्दू फिल्मी साप्ताहिकाला संपादक हवा होता. पगार महिना ४० रुपये.

संपादक हा शब्द ऐकायला छान. मुंबईत उतरल्यावर मंटो झोपायचे त्याच ऑफिसात. त्याबद्दल मालक पगारातून दोन रुपये कापून घ्यायचे. म्हणजे बेटावरचं पहिलं भाडं दोन रुपये, आणि त्यात टेबलाशेजारची जमीन!

काही दिवसांनी नझीर साहेबांच्याच खटपटीने मंटोंना इंपीरियल फिल्म कंपनीत मुंशीची नोकरी मिळाली. मुंशी म्हणजे संवाद लिहिणारा. ही साधी कंपनी नव्हती. हिंदुस्तानचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली याच अर्देशिर इराणींनी काढला होता. पगार ४० रुपये. मंटोंना वाटलं असेल की आता कमाई दुप्पट झाली, पण 'मुसव्विर'ने लगेच आपला पगार निम्म्यावर आणला. एका हाताने मिळालं, दुसऱ्या हाताने गेलं. मुंबईत दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. 'किसान कन्या' हा १९३७ चा इंपीरियलचा रंगीत बोलपट. देशातच रंगीत छपाई झालेला पहिला सिनेमा म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या लेखनात मंटोंचा हात होता. सिनेमा फारसा चालला नाही आणि कंपनीची घसरण सुरू झाली.

आता ऑफिस सोडून त्यांनी एका चाळीत खोली घेतली होती, महिना नऊ रुपयांची. खोलीत ढेकूण इतके की छतावरून पाऊस पडावा तसे पडायचे. अम्मी, ज्यांना मंटो बीबीजान म्हणत, त्या माहीमला लेकीकडे राहायला आल्या होत्या. एक दिवस त्या मुलाची जागा बघायला गेल्या आणि रडायला लागल्या. जज्जाच्या घरात वाढलेला पोरगा ढेकणांच्या खोलीत! आईने जास्त का कमावत नाहीस असं विचारलं, तर एकट्याला एवढं पुरतं, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. मग आईने तोच उपाय काढला जो आपल्याकडच्या सगळ्या आया काढतात. लग्न.

माहीमलाच एक कश्मिरी घराणं होतं, मुलगी सफिया. मंटोंनी या मंडळींपुढे आपली सगळी कुंडली मांडली. किती कमावतो, किती मिळत नाही, रोज बीअर घेतो, हेसुद्धा. आपल्याला नकार येणार याची त्यांना खात्री होती. होकार आला! दोघांत साम्यं तरी किती: दोघं कश्मिरी, दोघांना चष्मा, दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर एक आणि जन्मतारीखही एकच, ११ मे.

निकाहाच्या वेळी खिसा रिकामा होता. इंपीरियलकडे पगार थकलेला. मंटो अर्देशिर सेठकडे गेले. सेठकडेही रोकड नव्हती, पण त्यांनी आपल्या ओळखीच्या दुकानांतून साड्या आणि दागिने मिळवून दिले. बुडत्या कंपनीच्या पारशी मालकाने आपल्या मुसलमान मुंशीची लाज अशी राखली. मुंबईचं हे एक रूप आम्हाला विसरू नये असं वाटतं.

निकाह झाला, पण रुखसती राहिली. बायकोला आणायचं कुठे? नऊ रुपयांच्या खोलीत आणता येत नव्हतं. जागा नाही म्हणून नवरा एकीकडे, नवरी दुसरीकडे, ही गोष्ट मुंबईत आजही सांगितली तर कुणी दचकणार नाही. शेवटी मंटोंनी भायखळ्याच्या क्लेअर रोडवर अडेल्फी चेंबर्समध्ये फ्लॅट घेतला. भाडं ३५ रुपये. त्या वेळी 'मुसव्विर'चा पगार ४०. उरले पाच! २६ एप्रिल १९३९ ला सफिया या घरात आल्या.

त्या पाच रुपयांत संसार कसा झाला? झाला तो लिहिण्यावर. कधी या कंपनीची कथा, कधी त्या कंपनीचे संवाद. पैसे कधी मिळाले, कधी तोंडी राहिले. पुढे 'मुसव्विर'ची नोकरीही गेली, तेव्हा 'फिल्मइंडिया'वाले बाबूराव पटेल मदतीला आले आणि त्यांनी आपल्या उर्दू 'कारवाँ'चं काम मंटोंना दिलं.

आता त्यांच्या कथा पुन्हा काढून वाचा. 'हतक' या कथेतली सौगंधी धंदा करणारी बाई आहे. तिचा दर दहा रुपये. त्यातले अडीच दलाल रामलाल घेतो, तिच्या हाती साडेसात पडतात. माधो नावाचा पुण्याचा हवालदार तिला पैसे पाठवीन म्हणून वचनं देतो आणि येतो तेव्हा तिच्याकडूनच पैसे घेऊन जातो. शेजारच्या बाईला मद्रासला परत जायला भाड्याचे पैसे नाहीत. टीकाकार या कथेत बाईचा अपमान वाचतात, बरोबरच आहे. पण आम्हाला दर वेळी तो अडीच आणि साडेसातचा हिशेब अडवतो. असा हिशेब ज्याने स्वतः महिन्याच्या शेवटी मांडलाय त्यालाच तो कथेत एवढ्या सहज मांडता येतो.

'मम्मद भाई'चंही तसंच. फारस रोडजवळची अरब गल्ली, साडेनऊ रुपयांची खोली (कथेत भाडं आठ आण्यांनी वाढलंय!), आणि त्या खोलीत तापाने फणफणलेला एकटा माणूस, ज्याला पाणी द्यायलाही कुणी नाही. त्याच्यासाठी डॉक्टरला दम देऊन आणतो तो मोहल्ल्याचा दादा. नागपाडा, कामाठीपुरा, भायखळ्याच्या ज्या वस्त्यांमधून सफेदपोश माणूस नाकाला रुमाल लावून जायचा, तिथे मंटो राहत होते. राहायला भाग पडलं होतं, असंही म्हणा. घर स्वस्त तिथे मिळालं आणि कथाही तिथेच मिळाल्या. नागपाड्याच्या सर्वी हॉटेलात ते बसायचे असं जुनी मंडळी सांगतात.

१९४१ मध्ये ऑल इंडिया रेडिओच्या नोकरीसाठी ते दिल्लीला गेले. पक्की नोकरी, महिन्याला ठरलेला पगार. तिथे नाटकांचा रतीब घातला, आणि तिथेच पहिला मुलगा आरिफ एक वर्षाचा होऊन गेला. दीड-दोन वर्षांत ते परत मुंबईत. सरकारी पगार सोडून या महागड्या बेटावर पुन्हा का आले, तर दिल्लीत त्यांचं जमेना आणि मुंबईशिवाय करमेना. या खेपेला दिवस बरे होते. गोरेगावला फिल्मिस्तान, तिथे अशोक कुमार यांच्याशी दोस्ती, मग मालाडला बॉम्बे टॉकीज. 'आठ दिन'मध्ये तर मंटोंनी एका वेड्या फ्लाइट लेफ्टनंटचं कामही केलं. खिशात पैसा खेळायला लागला होता.

आणि १९४७ आलं. बॉम्बे टॉकीजमध्ये मुसलमानांना कामावर ठेवता म्हणून धमकीची पत्रं यायला लागली. एका संध्याकाळी अशोक कुमार मंटोंना गाडीतून घरी सोडत होते. जवळचा रस्ता म्हणून गाडी मुसलमानांच्या मोहल्ल्यात घातली आणि समोर वरात. मंटोंचा जीव टांगणीला लागला, की आपल्या सोबतीत या हिंदू दोस्ताला काही झालं तर? दोन पोरं खिडकीशी आली. त्यांनी अशोकभाईंना पुढे रस्ता नाही, बाजूच्या गल्लीतून जा, एवढंच सांगितलं. अशोक कुमार निर्धास्त होते, मंटो थरथरत होते. पण जिवलग मित्र श्याम, जो रावळपिंडीकडचा होता, त्याने तिथल्या निर्वासितांच्या कहाण्या ऐकून झाल्यावर कबूल केलं की त्या क्षणी त्याच्या हातून मंटोंचाही खून झाला असता. तोच श्याम त्यांना बंदरावर सोडायला आला. जानेवारी १९४८ मध्ये मंटो बोटीने कराचीला आणि तिथून लाहोरला गेले. सफिया आणि मुलगी आधीच गेल्या होत्या.

लाहोरला लक्ष्मी मॅन्शन्समध्ये घर मिळालं. मुंबईत काम होतं आणि जागा नव्हती, इथे जागा होती आणि काम नव्हतं. तिथली फिल्म इंडस्ट्री दंग्यांत मोडून पडली होती. मंटो कथा लिहायचे, रोख पैसे घ्यायचे, आणि त्यातले बरेच दारूत जायचे. घरात आता तीन मुली. खटले झाले, वेड्यांच्या इस्पितळात उपचार झाले. 'टोबा टेक सिंह' याच काळातली. आणि याच काळात त्यांनी मुंबईतल्या माणसांची व्यक्तिचित्रं लिहिली: अशोक कुमार, श्याम, नर्गिस, नूरजहाँ, बाबूराव पटेल. १९५२ च्या 'गंजे फरिश्ते'मध्ये आणि त्यानंतरच्या लेखांतही मुंबई इतकी आहे की वाचताना लिहिणारा लाहोरला बसलाय हे विसरायला होतं.

१८ जानेवारी १९५५ ला लाहोरमध्ये त्यांचा इंतकाल झाला. वय ४२. मुंबईत असताना त्यांनी गालिबवर एका सिनेमाची कथा लिहिली होती. ती सोहराब मोदींनी पडद्यावर आणली, संवाद राजिंदर सिंह बेदींनी लिहिले, आणि १९५४ चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक 'मिर्झा गालिब'ला मिळालं. भायखळ्याच्या ज्या क्लेअर रोडवर मंटोंनी ३५ रुपयांचा फ्लॅट घेतला होता, त्या रस्त्याचं नाव आता मिर्झा गालिब मार्ग आहे.