साथीच्या काळातला संपादक : लोकमान्य टिळक

१ ऑगस्ट ही लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी. आपला पालघर जिल्हाही २०१४ साली याच तारखेला झाला. त्या दिवशी शाळेतली मुलं शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगतात. पण दुष्काळ आणि साथ एकदम आली तेव्हा या माणसाने वर्तमानपत्र कसे चालवले, हे फारसे कुणी सांगत नाही. शेतकरी बंधूंनी ते ऐकण्यासारखे आहे.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीचा. म्हणजे आपल्यासारखाच कोकणचा माणूस. शिक्षण पुण्याला, विषय गणित, पुढे वकिलीचीही परीक्षा दिली. १८८१ साली सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मराठीतून केसरी सुरू केला. आगरकर पहिले संपादक होते. काही वर्षांनी मतभेद झाले आणि पत्राची सूत्रे टिळकांकडे आली.

१८९६ साली पावसाने दगा दिला आणि दुष्काळ पडला. दुष्काळात शेतकऱ्याला काय सवलत द्यायची, याचे नियम सरकारनेच छापलेले होते. पीक बुडाले तर सारा तहकूब करता येतो, हेही त्यात होते. पण ते होते इंग्रजीत. गावच्या माणसाला त्यातले काय कळणार? केसरीने ते सोप्या मराठीत समजावून सांगितले. सारा भरण्यासाठी बैल आणि भांडीकुंडी विकू नका, जे नियमात आहे ते हक्काने मागा, असा त्या लिखाणाचा रोख होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रचारक गावोगाव फिरले, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातही आले. सरकारला ते खपले नाही. १८९७ साली त्याने सभेची मान्यता काढून घेतली.

तोवर मुंबईत, मांडवी भागात, गाठीचा ताप म्हणजे प्लेग सुरू झाला होता. लोक मुंबई सोडून पळू लागले आणि रोग पुण्याला पोचला. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे तो पसरतो, हे तेव्हा पक्के ठाऊक नव्हते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँड या अधिकाऱ्याच्या हाती कारभार आला. गोरे सोजीर घरात शिरून आजारी माणूस शोधू लागले. देवघर, माजघर काही बघेनात. सामान बाहेर काढून जाळले जाई, आणि घरच्यांना गावाबाहेरच्या छावणीत नेत.

ऐपतदार मंडळी आणि काही पुढारीसुद्धा शहर सोडून गेले. टिळक थांबले. हिंदूंसाठी वेगळे इस्पितळ उभारायला त्यांनी पुढाकार घेतला आणि तिथे जाऊन रोग्यांची विचारपूस केली. रोग्याला वेगळे ठेवणे, घर स्वच्छ करणे याला त्यांचा विरोध नव्हता. उलट लोकांनी ते करावे असेच ते सांगत. पळून गेलेल्या पुढाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. त्यांची तक्रार होती ती काम करण्याच्या पद्धतीबद्दल. एकाच पत्रात लोकांना शिस्त सांगायची आणि सरकारला जाबही विचारायचा, हे सोपे नव्हते. दोन्हीकडून बोल खावे लागतात.

याच वेळची दुसरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितले. पुरावा मागितला गेला, तो देता येईना. परत आल्यावर गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. हेतू चांगला होता, पण हाती पुरावा नव्हता. त्यामुळे लोकांच्या खऱ्या तक्रारीही हलक्या पडल्या.

२२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. काही दिवसांनी तो मेला. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. खटला शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुरावर होता, पण प्लेगच्या वेळच्या टीकेचा राग त्यामागे आहे हे लोक ओळखून होते. ज्युरीतले सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन हिंदी निर्दोष म्हणाले. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. सुमारे वर्षभराने, सप्टेंबर १८९८ मध्ये ते सुटले. प्लेग मात्र देशातून लवकर गेला नाही. पुढे त्याने टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ याला नेले. मंडालेचा तुरुंगवास त्यानंतरचा, १९०८ ते १९१४. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत टिळक वारले.

हे सगळे शेतीच्या पानावर कशाला, असं कुणी विचारेल. २०२० साल आठवा. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी आवई मोबाईलवरून उठली आणि महाराष्ट्रभर कोंबडीचे भाव कोसळले. पक्षी फुकट वाटायची पाळी आली. तसं काही नाही, हे छापून येईपर्यंत कित्येकांचे भांडवल बुडाले होते. त्याच वेळी टाळेबंदीत भाजीच्या गाडीला परवाना लागतो का, कुठे मिळतो, हे साध्या भाषेत लिहिलेलं कात्रण ज्याच्या खिशात होतं त्याचा माल मुंबईला गेला. ज्याला कळलंच नाही त्याची भाजी वाडीतच कुजली. आमच्या खात्याची परिपत्रकेही अशा भाषेत असतात की होळी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला ती वाचून दाखवली तरी समजायची नाहीत. हा आमचाही दोष आहे, तो मान्य करायला हवा.

म्हणून साथ माणसांची असो, जनावरांची असो की पिकाची, बातमी वाचताना तीन गोष्टी बघा. लिहिणारा स्वतः तिथे गेला होता का? नियम काय आहे, तो सरळ भाषेत सांगितला आहे का? आणि आरोप केला असेल तर पुरावा आहे का? तिन्ही नसेल तर ती बातमी पुढे पाठवू नका. आधी ग्रामसेवकाला, आरोग्य केंद्रात, पशुवैद्यकाला नाहीतर आम्हाला विचारा.

(लेखक कृषी विस्तार अधिकारी आहेत.)