जीभ टाळ्याला चिकटलेला बॅरिस्टर

सेमिनारची तारीख लागली की होस्टेलच्या मेसमध्ये अर्ध्या लोकांची भूक उडते. सगळं पाठ झालेलं असतं, पण समोर बसलेला अख्खा वर्ग डोळ्यांपुढे आला की पोटात गोळा येतो. अशा सर्व मित्र-मैत्रिणींना आज मला एका बॅरिस्टरची गोष्ट सांगायची आहे. त्यांचं नाव मोहनदास करमचंद गांधी. नोटेवरचे गांधीजी आपण रोज बघतो. पण भाषणाला उभं राहिल्यावर थरथर कापणारे गांधीजी मला तरी शाळेत कधी भेटले नव्हते.

१८८८ मध्ये कायदा शिकायला ते लंडनला गेले. तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर त्यांची निवड झाली, पण बैठकीत ते गप्पच बसायचे. एकदा एका सभासदाला काढून टाकण्याचा विषय निघाला. गांधीजींना तो अन्याय वाटत होता. त्यांनी आपलं मत कागदावर लिहून नेलं, पण वाचायची हिंमत होईना; ते दुसऱ्यानेच वाचलं. भारतात परतण्यापूर्वी १८९१ मध्ये त्यांनी मित्रांना एका हॉटेलात जेवण दिलं. विनोदाने सुरू होणारं छोटंसं भाषण तयार होतं. पहिलं वाक्य झालं आणि पुढचं सगळं साफ विसरलं! कसेबसे आभार मानून ते खाली बसले.

मग मुंबई. स्मॉल कॉज कोर्टात त्यांना पहिली केस मिळाली, फी ३० रुपये. उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरायला लागलं, एकही प्रश्न सुचेना. त्यांनी फी परत केली, केस दुसऱ्या वकिलाकडे गेली आणि गांधीजी घाईघाईने कोर्टाबाहेर पडले. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं असेल, ह्याचा विचार करून बघा.

१८९३ मध्ये एका व्यापारी पेढीच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेला गेले. पहिल्या वर्गाचं तिकीट हातात असूनही पीटरमारित्झबर्ग स्टेशनवर त्यांना गाडीतून उतरवलं गेलं. त्यानंतर प्रिटोरियात तिथल्या हिंदी लोकांची एक सभा त्यांनी बोलावली. व्यापारात खरेपणा हवा, स्वच्छता हवी, आपली एक संघटना हवी, असं ते बोलले. विषयाची तयारी चांगली होती. हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं जमलेलं जाहीर भाषण. वय होतं अवघं २३.

म्हणजे भीती गेली? छे! १८९६ मध्ये मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सभा होती. फिरोजशहा मेहतांनी त्यांना भाषण लिहून आणायला सांगितलं होतं. हॉल खच्चून भरलेला. गांधीजी वाचायला लागले आणि आवाज कापायला लागला. मेहता मोठ्याने वाचा म्हणत होते, तसतसा आवाज आणखी खाली जात होता. शेवटी ते भाषण दिनशा वाच्छांनी वाचून दाखवलं. मला हा प्रसंग सगळ्यात धीर देणारा वाटतो. कारण एवढं होऊनही गांधीजी पुढच्या सभेसाठी पुण्याला गेले. टिळक, गोखले आणि भांडारकर, तिघांनाही भेटले.

मग फरक कशाने पडला? मला वाटतं, लंडनमध्ये आणि कोर्टात त्यांचं लक्ष स्वतःकडे होतं. प्रिटोरियात ते समोरच्या माणसांच्या अडचणीकडे गेलं. पुढे आत्मचरित्रात त्यांनी ह्या लाजाळूपणाचा फायदाही मांडला आहे. त्यामुळे शब्द तोलून वापरायची सवय लागली, असं त्यांचं म्हणणं. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गोवालिया टँकवर त्यांचं भाषण झालं आणि सारा देश पेटून उठला. तीस रुपयांची केस सोडून ते पळाले, तेही ह्याच मुंबईत!

तेव्हा मित्रांनो, व्हायवाला घसा कोरडा पडला तर घाबरू नका. आपला विषय समोरच्याला समजलाच पाहिजे, एवढीच गोष्ट मनात धरा. पाय कापले तर कापू द्यात, पण पुढच्या वेळी नाव जरूर द्या.