पालीचे मास्तर धर्मानंद कोसंबी आणि घरी राहिलेल्या बाळाबाई

आपल्या विहारांत लहान मुलेही त्रिशरण-पंचशील तोंडपाठ म्हणतात. ती भाषा पाली आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. पण महाराष्ट्राच्या महाविद्यालयांत पाली शिकवायला सुरुवात कशी झाली, असे विचारले की जुने कार्यकर्तेही अडखळतात. या प्रश्नाच्या उत्तरात धर्मानंद दामोदर कोसंबी हे नाव टाळता येत नाही. ते सारस्वत ब्राह्मण घरात जन्मले. १९५६ च्या धम्मदीक्षेआधी नऊ वर्षे ते गेले. म्हणून ते आपले नाहीत, असे कोणी म्हटले तर मला ते पटत नाही. पण त्यांना नुसता हार घालून मोकळे व्हावे, असेही वाटत नाही.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या सांखवाळ गावी त्यांचा जन्म झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होते. शिक्षण गावच्या मराठी शाळेपुरते, इंग्रजीचा गंध नाही, आणि घरच्या नारळाच्या बागेची देखभाल अंगावर. वयाच्या पंधराव्या वर्षी बाळाबाईंशी लग्न झाले. चिखली हे त्यांचे माहेर. पुढे काही वर्षांनी 'बालबोध मेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धांवरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. हे मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांचे होते. त्या लेखाने हा तरुण पुरता झपाटला. बुद्धांचा धर्म मुळातून शिकायचा, त्यासाठी आधी संस्कृत यायला हवे, असे ठरवून १८९९ च्या अखेरीस त्यांनी गोवा सोडला. त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली होती. तिचे नाव माणिक.

इथून पुढची सात वर्षे एखाद्या कादंबरीत शोभावीत अशी आहेत. पुण्यात त्यांनी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट घेतली. मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत ते अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात धर्म मिळेल म्हणून तिकडे गेले आणि निराश होऊन परतले. बोधगया, कलकत्ता करत १९०२ मध्ये श्रीलंकेत पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे त्यांना श्रामणेर दीक्षा मिळाली आणि पाली शिकायला मिळाली. नंतर ब्रह्मदेशात ध्यान आणि अभ्यास झाला. हा प्रवास त्यांनी 'निवेदन' या आत्मकथनात सांगितला आहे. १९२४ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. त्यात आपली निराशा, घरची ओढ, मनाची घालमेल त्यांनी झाकलेली नाही. आपल्या तरुणांनी हे पुस्तक जरूर मिळवून वाचावे.

मात्र वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. काशीची ती अन्नछत्रे ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती. कोसंबींनी तिथे हाल काढले हे खरे, पण १९०० साली कोकणातला एखादा महार तरुण त्याच तळमळीने काशीला गेला असता, तर त्याला संस्कृतच्या पंडितासमोर बसता आले नसते आणि त्या पंगतीतही जागा मिळाली नसती. माझ्या मते यामुळे कोसंबींची जिद्द लहान ठरत नाही. समाजशास्त्र शिकताना आम्हाला एक साधी गोष्ट शिकवली होती. दार कोणासाठी उघडे आहे, हे दारातून आत जाणाऱ्याला सहसा दिसत नाही.

१९०६ मध्ये ते कलकत्त्याला आले. बंगालच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीत पाली शिकवायला माणूस हवा होता. कोसंबींनी चीवर उतरवले आणि ते मास्तर झाले. त्याच वर्षी ते गोव्याला गेले आणि सात वर्षांनी बाळाबाईंना भेटले. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा झाला. पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला ज्ञात झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी ते हेच.

कलकत्ता विद्यापीठात त्यांचा पगार २५० रुपयांवर गेला. त्या काळी ही रक्कम मोठी होती. पण पाली मराठी मुलखात शिकवली जावी ही त्यांची इच्छा होती. बडोद्याच्या सयाजीरावांनी महिना ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहावे आणि पुस्तके लिहावीत. कोसंबींनी २५० सोडून ५० घेतले. हा प्रसंग त्यागाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेही. पण २०० रुपये ज्या घरातून कमी झाले ते घर बाळाबाई चालवत होत्या, हेही त्यासोबत सांगितले पाहिजे. बडोद्याची व्याख्याने 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने छापली गेली. मराठीत धम्माची ओळख सोप्या भाषेत करून देणारे हे छोटे पुस्तक आजही चालते.

भांडारकरांच्या पाठबळाने मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळाली. १९१० मध्ये कोसंबी हार्वर्डला गेले. विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम वॉरेन या अमेरिकन विद्वानाच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते, ते पुरे करायचे होते. तिथे श्रेयावरून वाद झाला आणि १९१२ मध्ये ते परतले. मग सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. राजवाडे हे त्यांचे विद्यार्थी. पाली ग्रंथ देवनागरीत आणण्याचे काम या पिढीने पुढे नेले. आज पाली घेऊन एम.ए. करणाऱ्या आपल्या मुला-मुलींच्या अभ्यासाची मुळे त्या वर्गात आहेत.

पुढे ते अनेकदा हार्वर्डला गेले. १९१८ मध्ये माणिक आणि दामोदर यांना त्यांनी सोबत नेले. मुलीला अमेरिकेत उच्च शिक्षण देणारे मराठी बाप तेव्हा किती होते? हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. गुजरात विद्यापीठ, लेनिनग्राड, बनारस असा त्यांचा मुक्काम हलत राहिला. १९३० मध्ये ते शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगातही गेले. समाजवादाचे आकर्षण होते, गांधींवर श्रद्धा होती आणि मनाच्या मुळाशी बुद्ध होते. या तीन गोष्टींचा मेळ त्यांना पूर्ण घालता आला, असे मला वाटत नाही. १९३७ मध्ये परळच्या कामगार वस्तीत बिर्लांच्या पैशातून बहुजन विहार उभा राहिला, त्यातही ही ओढाताण दिसते. गिरणी कामगारांसाठीचा विहार आणि पैसा उद्योगपतीचा! काही काळाने ते तिथून बाहेर पडले.

१९४०-४१ मध्ये त्यांचे 'भगवान बुद्ध' आले. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा त्यांनी नाकारली. शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि शस्त्रांबद्दलची उद्विग्नता त्यांनी पुढे आणली. सिद्धार्थ मध्यरात्री चोरून गेला नाही, आईवडील रडत असताना सर्वांसमक्ष गेला, हेही त्यांनी पाली सुत्ताच्या आधारे मांडले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्येही गृहत्यागाचे कारण रोहिणीचे पाणी हेच आहे. पण बाबासाहेब तिथे एक पाऊल पुढे जातात. त्यांचा सिद्धार्थ संघाच्या सभेत युद्धाला विरोध करतो, मतदानात हरतो, परिव्रज्या पत्करतो आणि मग यशोधरेशी बोलतो. यशोधरा रडत बसत नाही. ती विचार करून संमती देते. अभ्यास गटात ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

बाळाबाईंना १८९९ मध्ये असा संवाद मिळाला नाही. तान्ही मुलगी घेऊन त्या माहेरच्यांच्या आधाराने राहिल्या. नंतरही नवरा कधी बोस्टनला, कधी अहमदाबादला, कधी तुरुंगात. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही, त्यांच्या नावाचा विहार नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या घरी माझे कामानिमित्त जाणे होते. तिथे भिंतीवर सत्काराच्या फोटोंची रांग असते आणि मुलांच्या फीची, रेशनची, सासूच्या औषधाची तोंडमिळवणी करणारी बाई स्वयंपाकघरात असते. तिला कोणी कधी विचारले होते का, हा प्रश्न बैठकीच्या विषयपत्रिकेवर येत नाही.

शेवटच्या काळात प्रकृती ढासळली. आपण आता कोणाच्या उपयोगाचे नाही, मग लोकांवर भार का व्हावे, या विचाराने १९४६ मध्ये त्यांनी अन्नत्याग सुरू केला. गांधींच्या आग्रहावरून तो सोडला. पुढच्या वर्षी सेवाग्रामला पुन्हा उपवास आरंभला आणि जून १९४७ मध्ये तिथेच ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ पाली शिकायला विद्यार्थी श्रीलंकेला पाठवावेत, असे गांधींनी सुचवले होते. ज्या विसुद्धिमग्गासाठी त्यांनी हार्वर्डच्या इतक्या वाऱ्या केल्या, तो तिथून १९५० मध्ये छापून निघाला. संपादक म्हणून त्यावर वॉरेन आणि कोसंबी अशी दोन नावे आहेत.