निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

राज्याचें बळ किल्ल्यांत, तोफांत व खजिन्यांत असतें, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु ज्या राज्यांत लांच देणाऱ्याचें काम आधीं होतें आणि सत्ताधाऱ्याचा अपराध झांकला जातो, त्या राज्याचे बुरूज आंतूनच ढांसळूं लागतात. कित्येक देशांत लांचलुचपत व यादवी यांनीं प्रजा गांजलेली आपण वर्तमानपत्रांत वाचतों. हा रोग नवा नव्हे. त्याचें औषध ज्यांच्या चरित्रांत सांपडतें, त्या रामशास्त्री प्रभुणे यांची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रामशास्त्र्यांचें मूळ गांव साताऱ्याजवळील माहुली. विशीच्या सुमारास त्यांस अक्षरओळखही नव्हती व ते एका सावकाराच्या घरीं चाकरी करीत, असें सांगतात. तेथें अपमान झाला म्हणून ते तडक काशीस गेले व बाळंभट्ट पायगुंडे यांच्यापाशीं धर्मशास्त्र शिकले. इ. स. १७५१ मध्यें ते पेशव्यांच्या पदरीं राहिले आणि १७५९ मध्यें न्यायाधीश झाले. उशिरां आरंभ झाला म्हणून विद्या मिळत नाहीं असें मानणाऱ्या विद्यार्थ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

पानिपतच्या संहारानंतर १७६१ मध्यें माधवराव पेशवे अवघ्या सोळाव्या वर्षीं गादीवर आले. कांहीं दिवस ते जपानुष्ठानांत इतके गढून गेले कीं राज्यकारभार खोळंबला. तेव्हां रामशास्त्र्यांनीं काशीस जाण्याची परवानगी मागितली. राज्यकर्त्यानें आपलें कर्तव्य सोडून जपच करावयाचा असेल, तर दोघांनींही गंगातीरीं जाऊन बसावें, असा त्यांचा आशय होता. माधवराव समजले व कामास लागले. पुढें गांवकऱ्यांस वेठीस धरून फुकट ओझीं वाहविण्याची अंमलदारांची खोड याच पेशव्यांनीं मोडली. धन्यास त्याची चूक तोंडावर दाखविणारा सेवक आणि ती ऐकून घेणारा धनी, असा योग विरळाच.

श्रावणमासीं पुण्यांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जाई. एकदां रामशास्त्र्यांचे बंधु दक्षिणेस आले. त्यांची विद्या बेताची होती. तरी शेजारीं बसलेल्या नाना फडणिसांनीं शास्त्रीबोवांच्या मानाखातर वीस रुपये द्यावे असें सुचविलें. शास्त्रीबोवांनीं सरकारांतून इतरांप्रमाणें दोनच रुपये देवविले. भाऊ म्हणून द्यावयाचे ते वीस रुपये आपल्या पदरचे दिले, अशी कथा आहे. सरकारचा पैसा व घरचा पैसा यांमधील भिंत त्यांनीं कधींही ढळूं दिली नाहीं. लांचेस तर त्यांच्या घरीं वाटच नव्हती. त्या दिवसापुरता शिधा असला कीं त्यांस पुरे.

खरी कसोटी पुढेंच होती. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं तरुण नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर बसले. रामशास्त्र्यांनीं सुमारें दीड महिना चौकशी केली व पुराव्याचा धागा रघुनाथरावांपर्यंत पोंचविला. अपराधी तोच राजा! तरीही त्यांच्या समोर उभें राहून, या पातकास देहान्तावांचून प्रायश्चित्त नाहीं, असा निर्णय त्यांनीं दिला आणि पद सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले. हातीं शस्त्र नव्हतें, पाठीशीं फौज नव्हती. होती ती केवळ सत्यनिष्ठा.

तो निर्णय तत्काळ अमलांत आला असता, तर पुढील अनर्थ कदाचित् टळला असता. पण रघुनाथराव इंग्रजांस मिळाले. ठाणें व साष्टी इंग्रजांनीं घेतलीं, १७७५ मध्यें सुरतेचा तह झाला आणि युद्ध पेटलें. आमची भिवंडी ज्या कल्याण-भिवंडी प्रांतांत मोडत असे, त्यासही त्याची झळ लागली. १७८० मध्यें कल्याण व वसई हीं दोन्हीं ठाणीं इंग्रजांच्या हातीं गेलीं. १७८२ च्या सालबाईच्या तहानें शांतता झाली, तरी साष्टी कायमची गेली. वाड्यांतील एका खुनाचा न्याय झाला नाहीं, त्याची किंमत शेंकडो कोसांवरील शेतकऱ्यासही मोजावी लागली. न्यायावांचून शांतता नाहीं, हें या इतिहासाचें सार आहे.

रघुनाथरावांची सत्ता गेल्यावर कारभाऱ्यांनीं रामशास्त्र्यांस सन्मानानें परत बोलाविलें. १७८९ मध्यें ते वारले, तोंपर्यंत त्यांचा लौकिक निष्कलंक राहिला. त्या काळचें शास्त्र जातिभेदास बांधलेलें होतें; आजच्या आपल्या राज्यघटनेप्रमाणें सर्वांस समान लेखणारा कायदा त्यांच्या हातीं नव्हता, हेंही आम्हीं सांगितलें पाहिजे. पण कायदा कितीही उत्तम असला तरी तो चालविणारा माणूस शुद्ध लागतो.

मुलांनो, तुमच्यांपैकीं कोणी पुढें तलाठी होईल, कोणी शिक्षक, कोणी मामलेदार. दोन रुपये व वीस रुपये यांतील भेद त्या दिवशीं विसरूं नका. आणि पालकहो, आपलें काम लवकर व्हावें म्हणून कोणाच्या हातांत पैसा सारतांना, शेजारीं उभें असलेलें आपलें मूल तें पाहत आहे, याचें स्मरण ठेवा.