बिनबोलावता आलेले प्रोफेसर

मैत्रिणींनो, शान्ता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ तुमच्यापैकी अनेकींनी वाचली असेल. मेग, ज्यो, बेथ आणि ऍमी या चार बहिणींची गोष्ट. आणि बहुतेक सगळ्याजणी एकाच ठिकाणी अडतात. शेजारचा हसरा, श्रीमंत, ज्योवर जीव टाकणारा लॉरी सोडून तिने त्या दाढीवाल्या, वयस्कर जर्मन प्रोफेसर बेअरशी लग्न का केलं? हे गृहस्थ मधेच कुठून उपटले?

गंमत म्हणजे मूळ लेखिका लुइसा मे अल्कॉट हिच्याही मनात हे प्रोफेसर आधी नव्हतेच!

लुइसाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ चा, अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनचा. वडील ब्रॉन्सन अल्कॉट शिक्षक आणि तत्त्वज्ञ. विचार उंच, पण खिसा कायम रिकामा. त्यांनी शाळा काढल्या, त्या बंद पडल्या. १८४३ मध्ये समविचारी मंडळींना घेऊन शेतावर आदर्श वसाहत वसवली. तिथे मांस नाही, दूध नाही, लोकरही नाही. थंडीत उपासमारीची पाळी आली आणि काही महिन्यांतच गाशा गुंडाळावा लागला. संसार ओढला आई ऍबिगेलने. बॉस्टनच्या गरीब वस्त्यांत मदत पोहोचवायचं पगारी काम ती करी. आजच्या भाषेत समाजसेविकाच म्हणा ना.

आईचे कष्ट बघून लुइसाने लहानपणीच कमवायचं ठरवलं. तिने शिवणकाम केलं, शिकवण्या केल्या. एका घरी सात आठवडे घरकामाला राहिली, तर हातात पडले अवघे ४ डॉलर. १८५८ मध्ये धाकटी एलिझाबेथ गेली, तीच पुस्तकातली बेथ. यादवी युद्धात लुइसा परिचारिका म्हणून गेली आणि टायफॉइडने अंथरुणाला खिळली. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे तिला पारायुक्त औषध दिलं गेलं. त्यानंतर तब्येत अशी धडधाकट कधी राहिलीच नाही. पण लेखणी थांबली नाही. टोपणनावाने रहस्यकथा लिहून ती घर चालवत होती.

मग प्रकाशक थॉमस नाइल्स यांनी मुलींसाठी पुस्तक मागितलं. तिला फारसा उत्साह नव्हता, पण पैशांची गरज होती. आपल्याच घरातल्या चौघी बहिणी तिने कागदावर उतरवल्या. ज्यो म्हणजे बरीचशी ती स्वतःच. पहिला भाग १८६८ च्या सप्टेंबरअखेर आला आणि बघता बघता खपला. पाठोपाठ वाचक मुलींची पत्रं आली. सगळ्यांचा प्रश्न एकच, या मुलींची लग्नं कोणाशी होणार? ज्योला लॉरीच मिळायला हवा, असा हट्ट!

लुइसा वैतागली. लग्न झालं म्हणजे बाईच्या आयुष्याचं सार्थक, हे तिला मान्य नव्हतं. ज्यो अविवाहित लेखिका राहावी, अशीच तिची इच्छा होती. पण मुलींची मागणी डावलणंही अवघड. पुस्तकाच्या पैशांवर सारं घर अवलंबून होतं. शेवटी तिने मधला मार्ग काढला. लग्न लावीन, पण लॉरीशी नाही. वाचकांची थोडी खोडी काढायची म्हणून तिने ज्योसाठी अगदी अनपेक्षित नवरा घडवला. दुसरा भाग तिने दोनच महिन्यांत लिहिला आणि तो १८६९ मध्ये बाहेर आला.

पण खोडी म्हणून आणलेला हा माणूस पानापानांतून वेगळाच होत गेला. भाच्यांना सांभाळणारा, स्वतःचे मोजे स्वतः रफू करणारा, जिना चढणाऱ्या मोलकरणीच्या हातून कोळशाचं जड ओझं आपण घेणारा. लॉरी ज्योला ऐश्वर्य देऊ शकला असता. प्रोफेसरांनी तिला कामातला सोबती दिला.

आणि पुढचं तर लुइसाने तेव्हा ठरवलेलंही नसणार. १८७० मध्ये मोठी बहीण ऍना विधवा झाली. ही बातमी इटलीत कळल्यावर भाच्यांच्या भवितव्यासाठी लुइसाने लगेच नवं पुस्तक हाती घेतलं. त्यात ज्यो आणि प्रोफेसरांची शाळा आहे. प्रोफेसर शिक्षक नसते, तर ही शाळा कुठून आली असती? वडिलांना प्रत्यक्षात न साधलेली प्रेमाने शिकवणारी शाळा लेकीने गोष्टीत चालवून दाखवली. त्या शाळेत नॅन नावाची एक द्वाड मुलगी येते. १८८६ च्या शेवटच्या भागात ती डॉक्टर होते आणि लग्न न करता मजेत, स्वाभिमानाने जगते. ज्योला जे देता आलं नाही, ते लुइसाने असं सतरा वर्षांनी नॅनच्या पदरात टाकलं! त्याच वर्षी मार्चमध्ये फिलाडेल्फियात आपली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाली होती, हे आठवून मला फार छान वाटतं.

लुइसाने स्वतः लग्न केलं नाही. कुटुंबाची सगळी कर्जं तिने फेडली. धाकटी बहीण मे बाळंतपणानंतर १८७९ मध्ये गेली, तेव्हा तिची तान्ही लेक लुइसाने सांभाळली. त्याच वर्षी शाळा समितीच्या निवडणुकीसाठी बायकांना मताचा हक्क मिळाला, तर कॉन्कर्ड गावात मतदार म्हणून नाव नोंदवणारी ती पहिली बाई ठरली. ४ मार्च १८८८ ला वडील गेले आणि दोनच दिवसांनी तीही गेली.

मला वाटतं, ज्योचं लग्न ही लुइसाची हार नव्हती. घर चालवायचं म्हणून तिने वाचकांचं थोडं ऐकलं, पण त्याच दारातून नॅनलाही आत आणलं. तडजोड कुठवर करायची आणि त्यातून आपलं काय राखायचं, हे आपण घराघरातल्या बायका रोजच ठरवत असतो, नाही का?